जालना रस्त्यावरचा कायदा : शेंद्रा परिसर आणि मोफत विधी सेवा

छत्रपती संभाजीनगर शहरातून पूर्वेला निघणाऱ्या जालना रस्त्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ आहे आणि त्याच रस्त्याने चिकलठाणा ओलांडून पुढे गेले की शेंद्र्याची पंचतारांकित औद्योगिक वसाहत लागते. असे असूनही शेंद्रा कमंगर, कुंभेफळ, लाडगाव, करमाड या गावांतील शेतकऱ्याला किंवा ठेकेदाराकडे राबणाऱ्या कामगाराला हाती पडलेल्या कागदाचा अर्थ विनाशुल्क कोण समजावून सांगेल, हा प्रश्न या जवळिकीने सुटलेला नाही. वकील मोफत देण्याची व्यवस्था आपल्याकडे कागदोपत्री चांगलीच उदार आहे. खटल्याच्या आधी लागणारी माहिती मोफत, मराठीत आणि वेळेवर पोहोचवण्याची व्यवस्था मात्र अजून लंगडीच आहे.

मराठवाड्यात न्यायालयाचे अंतर हा जुनाच विषय आहे. निजामी राजवटीत उच्च न्यायालय हैदराबादला होते व तेथील कारभाराची भाषा उर्दू होती. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाल्यावर अपिलासाठी मुंबई गाठावी लागू लागली. राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या कलम ५१(३) खाली २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला न्यायमूर्ती बसू लागले, त्या निर्णयाला दिलेले आव्हान १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकले नाही आणि १९८४ मध्ये खंडपीठ कायम झाले. ज्याचा खटला उभा राहिला आहे, त्याचे अंतर यामुळे निश्चितच कमी झाले.

मोफत विधी सेवेची घटनात्मक पायाभरणी १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने झाली. तिने घातलेल्या अनुच्छेद ३९-क प्रमाणे पैशाअभावी कोणी न्यायाला मुकणार नाही हे पाहणे राज्याचे कर्तव्य ठरले. बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांविषयीचा १९७९ चा हुसैनारा खातून खटला या संदर्भात नेहमी सांगितला जातो, पण महाराष्ट्राचा वाटाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. १९७८ च्या होसकोट खटल्यात तुरुंगातील दोषसिद्ध कैद्याला निकालपत्राची प्रत मोफत आणि अपिलासाठी वकील मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, तर पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या पोलीस कोठडीतील स्त्रियांविषयी लिहिलेल्या पत्रावरून १९८३ मध्ये, अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवावे, असा आदेश झाला. पुढे विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ संमत झाला, मात्र तो अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला.

या अधिनियमाच्या कलम १२ मध्ये पात्र व्यक्तींची यादी आहे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, कोठडीतील व्यक्ती, पूर-दुष्काळ-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेले लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. उरलेल्यांना ती आहे आणि महाराष्ट्रात ती वार्षिक तीन लाख रुपयांची आहे. उत्पन्नाबाबत अर्जदाराचे शपथपत्र पुरेसे मानता येते, असे कलम १३ सांगते, म्हणजे तहसीलच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालणे ही कायद्याची सक्ती नव्हे. ‘औद्योगिक कामगार’ हे शब्द शेंद्र्यासारख्या वसाहतीत किती मोलाचे आहेत, हे वेगळे सांगायला नको. ते कारखान्यांच्या सूचनाफलकांवर लावायला फार खर्चही येणार नाही.

याहून महत्त्वाची, पण कमी वाचली जाणारी तरतूद व्याख्यांच्या कलमात आहे. ‘विधी सेवा’ म्हणजे न्यायालय, प्राधिकारी किंवा न्यायाधिकरण यांच्यापुढील कामकाज चालवण्यातील मदत तर आहेच, शिवाय कोणत्याही कायदेशीर बाबीवरील सल्लाही तिच्यात येतो. दावा दाखल झालेला नसताना नुसते विचारायला जाणारा माणूसही त्यामुळे हक्कदारच ठरतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ च्या कलम ३२(२) खाली जमीनधारकाला नोटीस येते तेव्हा जमीन का संपादन करू नये याची कारणे त्याला मुदतीत मांडायची असतात. सुनावणीनंतर राजपत्रात अधिसूचना निघाली की जमीन शासनाकडे निहित होते आणि मग वाद उरतो तो बहुधा मोबदल्याचा. वकिलाची गरज नोटिशीच्या दिवशी असते, पण त्याचा शोध अनेकदा अधिसूचनेनंतर सुरू होतो.

जमिनीचा भाव वाढला की घरातले कागदही हलू लागतात, आणि त्यांत हक्कसोडपत्राचा क्रमांक पहिला. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारस म्हणून बहिणींची नावे लागतात, मोबदला किंवा विक्री जवळ आली की त्यांना दुय्यम निबंधक कार्यालयात बोलावले जाते आणि सही किंवा अंगठा दिला की त्या हिश्श्यावरील त्यांचा हक्क संपतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियमात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलीला सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच मुलाइतका वाटा असणारी, ठरवले आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही हेही स्पष्ट केले. नोंदणी झालेला दस्त पुढे फसवणूक वा दबावाच्या मुद्द्यावर रद्द करून घेता येतो, परंतु ते सिद्ध करण्याचा भार बहिणीवर येतो. सहीपूर्वीचा सल्ला तिला उत्पन्न न विचारता मोफत मिळू शकतो. तो देणारे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अदालत रस्त्यावर, जिल्हा न्यायालयात बसते, आणि भाऊबंदकीच्या घाईत तिकडे जाण्याची कल्पना तिला कोणी देत नाही.

कायदा ठाऊक नव्हता हा बचाव चालत नाही, पण कायदा लोकांना कळेल अशा रीतीने प्रसिद्ध करण्याची जबाबदारी राज्याची असते. जयपूर संस्थानात १९२३ चा अफूविषयक कायदा केवळ मंत्रिपरिषदेच्या ठरावाने झाला व कधी प्रसिद्धच झाला नाही, म्हणून त्याखाली दंड झालेल्या हरला नावाच्या आरोपीला सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये सोडून दिले. आज ‘इंडिया कोड’ या शासकीय संकेतस्थळावर अधिनियम, २०२३ पासून ‘ई-एससीआर’वर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आणि २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडियन कानून’वर सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे निकाल विनाशुल्क वाचता येतात. त्यातील बहुतांश मजकूर अर्थातच इंग्रजीत आहे. निकालांचे भाषांतर यंत्राच्या मदतीने सुरू झाले असले तरी त्यातील मराठी समजण्यासाठी कधी कधी पुन्हा वकीलच गाठावा लागतो.

मराठीत जे सहज मिळते तेही मराठवाड्यात तपासूनच घ्यावे लागते. कुळकायद्यावरची बाजारातील बरीच पुस्तके १९४८ च्या मुंबई कायद्यावर बेतलेली असतात, तर शेंद्र्याच्या शेताला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू होतो. संरक्षित कुळाची व्याख्या, कलमांचे क्रमांक, मालकी मिळण्याची रीत सगळेच वेगळे. इनाम जमिनींसाठीही हैदराबाद राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. पुण्यात छापलेल्या मार्गदर्शिकेतील कलम अर्जात उतरवले, तर तो अर्ज पहिल्याच तारखेला अडतो. कालबाह्यतेचा धोका याच्या जोडीला आहेच : १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यामुळे कामगारांसाठीच्या जुन्या पुस्तिका एकाएकी रद्दीत जमा झाल्या.

लोकअदालतीचा प्रचार भरपूर होतो, आणि तो अकारण नाही. तडजोड झाली तर भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. त्या निवाड्यावर अपील नाही ही दुसरी बाजू मात्र तितक्या मोठ्या अक्षरांत लिहिली जात नाही, आणि अपघाताची भरपाई घेऊन परगावी परतण्याच्या घाईत असलेल्या कामगाराला तीच आधी कळायला हवी. अशी माहिती वेळेत पोहोचवण्यासाठी नेमलेला दुवा म्हणजे विधी स्वयंसेवक, अर्थात वकील नसलेला पण प्राधिकरणाने प्रशिक्षण दिलेला गावातील माणूस. मोफत सेवेचा अर्ज साध्या कागदावर मराठीत करता येतो, लिहिता न येणाऱ्याचे म्हणणे ऐकून तो प्राधिकरणात लिहून घेतला जातो, आणि १५१०० हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय आणि २०१७ पासूनचे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ याच शहरात असल्याने मराठी जाणणाऱ्या विधी विद्यार्थ्यांची येथे वाण नाही. करमाडच्या आठवडी बाजारी किंवा पाळी सुटण्याच्या वेळेला वसाहतीच्या चौकात त्यांचे टेबल नियमित लागले, तर ३२(२) ची नोटीस आणि हक्कसोडपत्राचा मसुदा सहीच्या आधी कोणाच्या तरी नजरेखालून जाईल.