बास गिटारसाठी फ्लँजर : एका कपॅसिटरचा बदल

लोणावळा-खंडाळ्याच्या दरीत हाक मारली की प्रतिध्वनी क्षणभराने, वेगळा ऐकू येतो. गिटारच्या फ्लँजर पेडलमध्येही स्वर असाच परततो. मात्र विलंब साधारण 1 ते 10 मिलिसेकंदांचाच असल्याने तो मूळ स्वरातच मिसळतो. हा विलंब सतत कमी-जास्त होत राहतो आणि डोक्यावरून विमान गेल्यासारखा सळसळता नाद उमटतो.

या मिश्रणात काही कंपने एकमेकांना नाहीशी करतात. विलंब 10 मिलिसेकंद असता पहिला लोप 50 हर्ट्‌झवर होतो. बासच्या खालच्या दोन तारा नेमक्या 41 आणि 55 हर्ट्‌झच्या आहेत. गिटारची अशी उणीव बास भरून काढतो. बासची कोण भरणार? मावळातल्या एखाद्या लग्नसमारंभात, मोकळ्या हिरवळीवर तर गाण्याचा पायाच निसटतो.

उपाय सोपा आहे. मूळ स्वराच्या मार्गाला हात लावू नये. विलंबित स्वर मिश्रणाकडे नेणारा कपॅसिटर तेवढा लहान करावा. पुढचा रोध 100 किलोओहम असल्यास 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे 34 हर्ट्‌झपासून वरचे स्वर जाऊ देतो, तर 0.0068 चा सुमारे 234 पासून. मग 50 हर्ट्‌झचा जेमतेम पाचवा हिस्सा परततो आणि खर्ज शाबूत राहतो.

हा भाग पुण्याच्या बुधवार पेठेत सहज मिळतो. डाग देण्यापूर्वी बॅटरी काढावी आणि जुना कपॅसिटर जपून ठेवावा; पेडल पुन्हा गिटारला जोडायचे झाल्यास तोच लागेल.