समुद्राखालचा फोटो आणि पोवळ्याचा जीव

मालवण-तारकर्लीहून परतलेल्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये आता पाण्याखालचा एखादा व्हिडिओ असतो. आमच्या संत तुकाराम नगरला कोकण तसं दूर नाही. शेजारच्या वल्लभनगर आगारातून एसटी मिळते. सुट्टीनंतर मुलं फोटो दाखवतात आणि हमखास विचारतात, “सर, खाली सगळं निळंच का दिसतं?”

याचं कारण साधं आहे. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेतं. सात-आठ मीटर खाली लाल पोवळंही करडं दिसतं. निळा प्रकाश मात्र खोलवर पोहोचतो. म्हणून छायाचित्रकार सोबत दिवा नेतात. पण दिव्याचा उजेडही पाण्यातूनच जातो, त्यामुळे लांबून काढलेला फोटो फिकाच येतो. चांगल्या फोटोसाठी जवळ जावंच लागतं. त्यात पाण्यातली वस्तू आहे त्याहून जवळ आणि मोठी भासते. प्रकाशाच्या या वळण्याबद्दल इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात ‘किताब अल-मनाझिर’ या ग्रंथात सविस्तर लिहिलं आहे.

खरा धोका या जवळ जाण्यातच आहे. ज्याला एका जागी तरंगता येत नाही, तो तोल सांभाळायला पोवळ्याचा आधार घेतो. पोवळं दगडासारखं दिसलं तरी ती सूक्ष्म जिवांची वस्ती असते. काही जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. पायाच्या एका फटक्यात कित्येक वर्षांची वाढ मोडते.

विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर ‘आंग्रिया बँक’ हे बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्यावरून त्याला हे नाव मिळालं. त्याचा माथा सुमारे २० मीटर खोल आहे आणि त्यावर पोवळ्यांची वस्ती आहे. एवढ्या लांब जायचं तर बोटीवरच मुक्काम करावा लागतो. तिथे कॅमेऱ्याची निगा हे रोजचंच काम. पेटीच्या रबरी कडीत एक केस अडकला तरी पाणी आत शिरतं. दर बुडीनंतर पेटी गोड्या पाण्यात धुवायची आणि नीट कोरडी करूनच उघडायची.

आपल्या कुटुंबांना एवढ्या लांब जाण्याची गरज नाही. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. पाण्यात घालायचा वेटसूट अंगभर असतो, त्यामुळे पोशाखाच्या कारणाने मुलींनी मागे राहायला नको. काही गोष्टी मात्र पाळा. दमा किंवा कानाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. वर येताना श्वास कधीही रोखू नका. दाब कमी होतो तशी फुफ्फुसातली हवा फुगते. पहिल्या बुडीत कॅमेरा प्रशिक्षकाकडेच असू द्या. पोवळ्याचा तुकडा आठवण म्हणून घरी आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

आधी हात न लावता तरंगायला शिका, मग कॅमेरा हातात घ्या. म्हणजे तुमच्यानंतर येणाऱ्या मुलांनाही तिथे पाहण्यासारखं काही उरेल.