नातवाचा फेड आणि आजोबांचा भांग

सावेडीतल्या एखाद्या सलूनमध्ये रविवारी सकाळी थोडा वेळ बसावे. एका खुर्चीवर सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कारागिराला मोबाइलमधले छायाचित्र दाखवीत असतो. कानांवर झीरो मशीन, तिथून वर हळूहळू दाट होत जाणारे केस आणि माथ्यावर झुपका. किती नंबरचे मशीन, रेघ कुठे, कल्ले किती, यावर पाच मिनिटे चर्चा होते. शेजारच्या खुर्चीवर त्याचे आजोबा असतात. त्यांच्याविषयी मागे बाकावर बसलेला मुलगाच सांगून मोकळा होतो, “बाबांचे एकदम बारीक करून टाका.” आजोबांना कोणी विचारीत नाही.

नातवाच्या या ‘फेड’ची घरात थट्टा होते. वास्तविक नगरकरांना त्याचे नवल वाटू नये. हा कट मुळात लष्करी शिस्तीतून आलेला. भिंगार छावणी आणि चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र असलेल्या या शहराने बारीक बाजूंची डोकी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. जुनी माणसे त्याला सोल्जर कट म्हणत. फरक आहे तो निगेचा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. माथ्यावर ती वाढ जाणवत नाही, परंतु त्वचेलगत घासलेल्या बाजूंवर दोन आठवड्यांतच दिसू लागते. म्हणजे पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा खुर्ची आणि पुन्हा खर्च. १९७०च्या दशकात कान झाकणारे केस राखणाऱ्यांनी आज नातवाला फार बोलू नये, कारण तेव्हा कारागिराची नसली तरी आरशाची आणि कंगव्याची चाकरी त्यांनीही केलीच होती. मला या कटाबद्दल एकच तक्रार आहे. त्वचेलगत फिरणारे मशीन एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर न पुसता गेले, तर गजकर्णही सोबत जाऊ शकते, आणि अलीकडे आपल्या देशात गजकर्ण नेहमीच्या मलमांना सहज दाद देईनासे झाले आहे. नातवाच्या मानेवर खाजणारा गोल चट्टा दिसला, तर त्याचा टॉवेल आजोबांच्या खांद्यावर जाऊ देऊ नये.

आजोबांच्या केसांना मात्र निगा लागतच नाही, असे आपण गृहीत धरतो. मीही धरले होते. वडिलांना पक्षाघात झाला, उजवी बाजू आणि वाचा गेली. अंघोळ घालणे सोपे जावे म्हणून तिसऱ्या आठवड्यात मी घरीच त्यांच्या डोक्यावर मशीन फिरविले. काम दहा मिनिटांत झाले. नंतर दोन दिवस त्यांनी भरविणाऱ्याकडे पाहिले नाही. कपाट उघडले की दारावरच्या आरशापासून मान वळवीत. डाव्या बाजूचा भांग आणि कानाच्या पाळीपर्यंतचे कल्ले त्यांनी पन्नास वर्षे राखले होते. सोय माझी झाली होती.

डोक्यावरच्या केसांवर हक्क कोणाचा, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार मुंबईतील नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये केला. त्या क्रौर्याशी घरातल्या सोयीची तुलना मी करणार नाही. पण वस्तरा हाती असलेल्यांनाच तेव्हा समोरच्या व्यक्तीचे मन कळले, हे आठवावेसे वाटते.

तेव्हा आधी विचारावे. बोलता येत नसेल, तर जुने छायाचित्र समोर धरून मान हलवू द्यावी. बहुतेकांना मध्यम आखूड केस पुरतात. बाजूंना कात्री, माथ्यावर भांग पडेल इतकी लांबी, आणि चार ते सहा आठवड्यांनी एक कटिंग. विरळ पांढऱ्या केसांतून ऊन थेट टाळूला लागते, म्हणून नगरच्या उन्हाळ्यात अगदी घासून कापणे तसेही बरे नव्हे. टोपी घालणाऱ्यांनी ती वरचेवर धुवावी. कानांतले आणि नाकातले राठ केस उपटू नयेत, गोल टोकाच्या कात्रीने कापावेत. कारागिराला टाळूवर एखादी जखम किंवा खपली दिसली आणि तीन-चार आठवड्यांतही ती बरी झाली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. ती जागा घरच्यांच्या नजरेला सहसा पडत नाही.

सलूनमधली सर्वांत धोक्याची गोष्ट वस्तरा नव्हे, तर चंपीनंतर फुकटात मान मोडून देणे ही आहे. मानेच्या मणक्यांलगत मेंदूला रक्त पुरविणाऱ्या धमन्या असतात. उतारवयात त्या कडक झालेल्या असू शकतात. झटक्याने त्यांचे आतले अस्तर फाटू शकते. केस धुण्याच्या बेसिनवर मान मागे ताणली गेल्यामुळे मेंदूच्या रक्तपुरवठ्यात बाधा आलेल्या पाच स्त्रियांची नोंद १९९३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली होती. “मान मोडू नका” हे खुर्चीवर बसतानाच सांगावे. दाढीसाठीही डोके फार मागे टेकवू नये, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उठताना क्षणभर बसून मगच उभे राहावे.

ब्लेड आपल्यासमोर नवे लावून घ्यावे. हिपॅटायटिस बी आणि सी रक्ताच्या न दिसणाऱ्या अंशातूनही पसरतात. सर्वांच्या गालांवर फिरणारी तुरटीची वडी नाकारावी, आपली वेगळी न्यावी. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना कापले, तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे, मधूनमधून उचलून पाहू नये. ‘काळी मेंदी’ नावाने मिळणाऱ्या कलपात बहुधा रासायनिक रंग असतो. कानामागे थेंब लावून दोन दिवस वाट पाहिल्याशिवाय तो लावू नये.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी कारागीर घरी बोलवावा. गावगाड्यात बलुतेदार नाभिक घरोघरी जातच असे आणि सुगीला धान्य घेई. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त त्या व्यवस्थेचे वर्णन आहे. आता घरी येण्याचे पैसे आधी ठरवून घ्यावेत आणि ते देताना घासाघीस करू नये. खाटेवर प्लास्टिक अंथरावे, कारण चादरीत राहिलेले बारीक केस टोचत राहतात. स्मृतिभ्रंश असलेल्यांना मशीनचा आवाज घाबरवतो. तिथे कात्री, ओळखीचा कारागीर आणि सकाळची वेळ बरी. एका बैठकीत अर्धेच डोके झाले, तर उरलेले उद्या करावे. दोन दिवस वेडेवाकडे दिसल्याने काही बिघडत नाही.

वडिलांचे केस पूर्वीइतके वाढायला पाच महिने लागले. आता दर महिन्याला कारागीर येतो, खाटेशेजारी स्टूल ओढतो आणि कंगवा आधी त्यांच्या डाव्या हातात देतो. भांग ते स्वतः पाडतात, थोडा वाकडा. कारागीर त्याच रेघेने कात्री चालवतो.