एंजिनाखालील तुळई

घराच्या छपराचा भार कोणत्या तुळईवर येतो हें घरांत राहणारास सहसा ठाऊक नसतें. तुळई वांकूं लागली म्हणजेच तिच्याकडे त्याचें लक्ष जातें. मोटारीचीही हीच गोष्ट आहे. जुनी मोटार पाहावयास लोक जमतात, तेव्हां तिचा रंग, तिचे पितळी दिवे, तिच्या चामडी गाद्या यांची वाखाणणी होते. एंजिनाचें झांकण उघडलें तर एंजिनाचेंही कौतुक होतें. परंतु तें एंजिन ज्या लोखंडी तुळईवर विसावलेलें असतें ती पाहण्यासाठीं कोणी जमिनीवर आडवा होत नाहीं. आणि एखाद्या जुन्या गाडींत तिच्या मूळच्या एंजिनाऐवजीं दुसरें एंजिन बसवावयाचें ठरलें, म्हणजे सर्वांत कठीण काम नेमकें या तुळईचेंच असतें.

जुन्या मोटारीची चौकट शिडीसारखी असते. दोन बाजूंस दोन लांब पोलादी दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या तीन-चार आडव्या तुळया, एवढाच तिचा सांगाडा. या आडव्या तुळईला कारखान्यांतील कारागीर क्रॉसमेंबर म्हणतात. कांहीं तुळया केवळ दोन दांड्यांतील अंतर कायम राखतात. कांहींवर एंजिन आणि गिअरपेटी टेकलेली असते. या दुसऱ्या प्रकारच्या तुळईची जागा, उंची आणि आकार हीं एका विशिष्ट एंजिनासाठींच ठरविलेलीं असतात. एंजिन बदललें कीं ती निरुपयोगी होते आणि नवी तुळई हातानें घडवावी लागते.

याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील आहे. फोर्ड कंपनीची ‘मॉडेल ए’ ही गाडी १९२७ च्या डिसेंबरांत लोकांपुढें आली आणि १९३१ पर्यंत तिच्या सुमारें ४८ लाख गाड्या तयार झाल्या. तिचें एंजिन चार सिलिंडरांचें व ४० अश्वशक्तीचें होतें. पुढें १९३२ मध्यें फोर्डनें आठ सिलिंडरांचें, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचें ६५ अश्वशक्तीचें एंजिन स्वस्त गाडींत घालून सर्वांस चकित केलें. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच जातीचें एंजिन १०० अश्वशक्तीपर्यंत पोंचलें होतें. मोडींत निघालेल्या गाड्यांतून हीं एंजिनें थोड्या पैशांत मिळूं लागलीं, आणि कॅलिफोर्नियांतील तरुणांनीं तीं हलक्या मॉडेल ए गाड्यांत बसविण्याचा सपाटा लावला. म्युरॉकच्या कोरड्या सरोवराच्या सपाट तळावर या गाड्यांच्या शर्यती होत. त्यांवर देखरेख ठेवणारी संस्था १९३७ मध्यें स्थापन झाली, आणि १९४८ च्या जानेवारीपासून या छंदास वाहिलेलें ‘हॉट रॉड’ नांवाचें मासिकही निघालें.

वरवर पाहणारास वाटेल कीं एक एंजिन काढून त्या जागीं दुसरें ठेवणें यांत एवढें अवघड तें काय? अडचण अशी कीं, त्या काळच्या फोर्ड गाडींत एंजिनाचे आधार केवळ एंजिन तोलून धरीत नसत. मागील चाकें रस्त्यास रेटा देतात आणि त्या रेट्यानें गाडी पुढें जाते. हा रेटा चौकटीपर्यंत पोंचणार कोणत्या वाटेनें? आजच्या पुष्कळशा गाड्यांत तो मागील कमानींतून किंवा स्वतंत्र दांड्यांतून जातो. मॉडेल ए मध्यें मात्र फिरता दांडा एका जाड नळीच्या आंत बसविलेला असे. मागील आंसाचा सर्व रेटा त्या नळीवाटे गिअरपेटीच्या पाठीशीं येई, तेथून एंजिनांत आणि एंजिनाच्या आधारांतून चौकटींत जाई. पुढील आंसास सांभाळणाऱ्या दुबेळक्या दांड्याचें टोंकही एंजिनामागील चाकपेटीच्या तळाशींच एका गोल खोबणींत अडकविलेलें असे. म्हणजे ब्रेक दाबला तरी त्याचा हिसका तेथेंच. अशा गाडीचे मूळ आधार काढून जो कोणी दोन पट्ट्यांवर नवें एंजिन टांगून ठेवील, तो सगळी गाडी त्या दोन पट्ट्यांवर सोंपवितो. खुद्द फोर्डलाही १९३२ च्या गाडीसाठीं चौकटीच्या मध्यभागीं इंग्रजी ‘के’ अक्षरासारखी नवी भक्कम तुळई घालावी लागली आणि पुढील वर्षीं ती बदलून फुलीच्या आकाराची करावी लागली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

तुळईवर येणारे भार तीन प्रकारचे असतात. पहिला एंजिनाचें स्वतःचें वजन. हें स्थिर वजन मोजावयास सोपें. पण खड्ड्यांतून गाडी आदळली कीं तेंच क्षणभर दुप्पट-तिप्पट होतें. दुसरा वर सांगितलेला पुढचा-मागचा रेटा. तिसरा भार पिळाचा. एंजिन दांड्यास एका दिशेनें फिरवितें, तेव्हां दांडाही एंजिनास उलट दिशेनें पिळूं पाहतो. समजा, एंजिनाचा पिळ १५० फूट-पौंड आहे आणि पहिल्या गिअरमध्यें तो तिप्पट होतो. तर एंजिन व गिअरपेटी मिळून ४५० फूट-पौंड पिळानें कलंडूं पाहतात. दोन बाजूंच्या आधारांत दोन फुटांचें अंतर असेल, तर एका आधारावर २२५ पौंडांचा जादा दाब पडतो आणि दुसरा तितक्याच जोरानें वर उचलला जातो. म्हणून आधार नुसता खालून टेकलेला असून भागत नाहीं. त्यानें एंजिनास वर उठूं देतां कामा नये.

हा धोका कागदावरचा नाहीं. जनरल मोटर्स कंपनीनें १९७१ च्या डिसेंबरांत आपल्या सुमारें ६७ लाख शेव्हरोले गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्या होत्या. आधारांतील रबर तुटलें म्हणजे एंजिन एका बाजूस उचललें जाई, आणि त्यामुळें थ्रॉटल ओढला जाऊन गाडी आपोआप वेग घेण्याचा संभव होता. उपाय म्हणून एंजिनास तारेच्या दोरानें जखडण्यांत आलें. त्यापासून शिकण्याजोगी गोष्ट एवढीच कीं, रबराचे आधार निवडतांना ते असे घ्यावेत कीं रबर फाटलें तरी आंतील पोलादी भाग एकमेकांत अडकून राहावेत.

मग रबर हवेंच कशाला, असें कोणी विचारील. एंजिनाचा कंप चौकटींत उतरला तर प्रवास असह्य होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे सतत थरथरणारें पोलाद हळूहळू थकून भंगतें. १९३१ मध्यें क्रायस्लर कंपनीनें आपल्या प्लिमथ गाडींत एंजिन दोनच रबरी आधारांवर अशा बेतानें तोललें होतें कीं, त्या आधारांना जोडणारी रेषा एंजिनाच्या गुरुत्वमध्यांतून जावी. एंजिन त्या रेषेभोंवतीं आपल्या आपण डोलत राही आणि बैठकीवरील माणसांस त्याची जाणीव होत नसे. नवी तुळई घडविणारानेंही आधारांची जागा केवळ सोयीनें न ठरवितां हें तत्त्व ध्यानांत ठेवावें.

प्रत्यक्ष कामाचा आरंभ लोखंडानें न होतां पाणसळ आणि ओळंबा यांनीं होतो. चौकट भक्कम घोड्यांवर समतल ठेवावी. दोन्ही कर्णांचीं मापें घ्यावीं. तीं सारखीं नसलीं तर चौकट मुळांतच तिरपी आहे, आणि तिरप्या चौकटीवर बसविलेली सरळ तुळई हा तिरपेपणा कायमचा करून टाकते. नंतर आंतील भाग काढलेलें रिकामें एंजिन आणि गिअरपेटीचा पोकळ सांगाडा एकत्र जोडून चौकटींत टांगावा. भरलेल्या एंजिनापेक्षां रिकामें हलविणें सोपें, आणि काम करतांना तें बिघडण्याचेंही भय नाहीं.

आतां एकेक अंतर तपासावयाचें. पंखा आणि रेडिएटर यांत जागा हवी. १९४८ पर्यंतच्या फोर्डच्या ‘व्ही’ एंजिनांत ठिणगी वाटणारी डबी पुढच्या तोंडाशींच असल्यामुळें तेथें अधिक काळजी घ्यावी लागते. धूर बाहेर नेणारे नळ दोन्ही बाजूंनीं निघतात, ते सुकाणूच्या पेटीस लागतां कामा नयेत. तळाचें तेलपात्र कमानी पूर्ण दबल्या तरी आंसावर आदळूं नये, आणि पुढें कधीं तें काढावयाचें झाल्यास तुळई आड येऊं नये. एंजिन बहुधा मागील बाजूस सुमारें ३ अंश उतरतें ठेवतात. फिरता दांडा उघडा असून त्याच्या दोन्ही टोंकांस सांधे असतील, तर त्या दोन सांध्यांचे कोन सारखे असले पाहिजेत. नाहींतर दांडा प्रत्येक फेऱ्यांत दोनदां वेग घेतो व दोनदां मंदावतो, आणि सगळी गाडी थरथरते. या सर्व गोष्टी जुळल्या म्हणजे एंजिनास तात्पुरत्या लोखंडी टेकूंनीं त्या जागीं पक्कें करावें. तें तसूभरही हलतां कामा नये.

तुळईचा आकार प्रथम पुठ्ठ्याचा कापून पाहावा. पुठ्ठा चुकला तर फेकून देतां येतो. तुळई साधारणपणें सौम्य पोलादाच्या पत्र्याची पेटी करून किंवा जाड नळी वांकवून घडवितात. पत्र्याची जाडी कामाप्रमाणें ३ ते ५ मिलिमीटर असते. फार कठीण जातीचें पोलाद घेण्याचा मोह टाळावा. सांधतांना तापलेल्या भागाशीं तें ठिसूळ होण्याचा संभव असतो, आणि सौम्य पोलाद तुटण्यापूर्वीं वांकून इशारा तरी देतें. पट्टी सपाट असली कीं ती सहज लवते. तीच चौकोनी पेटींत बंद केली कीं पिळास दाद देत नाहीं. कोंपरे काटकोनांत तीक्ष्ण न ठेवतां गोलसर ठेवावेत, कारण भेग नेहमीं तीक्ष्ण कोंपऱ्यापासून सुरू होते. बंद पेटींत पाणी सांचून आंतून गंज चढतो, यास्तव तळाशीं पाणी निघून जाण्यास लहान छिद्र ठेवणें इष्ट.

सांधकामांत उतावीळपणा सर्वांत घातक. तापलेलें पोलाद थंड होतांना आकसतें आणि आपल्याबरोबर शेजारचें पोलाद ओढून घेतें. एका बाजूचा सांधा एका दमांत पूर्ण केला, तर तुळई केळीच्या पानासारखी वळते आणि बोल्टांचीं छिद्रें जुळेनाशीं होतात. म्हणून आधीं ठिकठिकाणीं लहान टांके घालावेत, मापें पुन्हां घ्यावीं, मग थोडें डावीकडे, थोडें उजवीकडे असें करीत सांधे भरावेत. गरम सांध्यावर पाणी ओतूं नये; तो आपोआप निवूं द्यावा. निवल्यावर भेगांत शिरणारा रंगीत द्रव लावून पाहिला, तर डोळ्यांस न दिसणारी चीरही उघड होते. या कामांत ज्याचा हात बसलेला नाहीं त्यानें तुकडे कापावेत, कानसावेत, टांके घालावेत. पण शेवटचा सांधा अनुभवी सांधकाराकडून भरून घ्यावा. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

तुळई चौकटीस कशी जोडावी हा शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. बाजूच्या दांड्याच्या वरच्या व खालच्या पट्टीवर सर्वांत अधिक ताण येतो. मधल्या उभ्या भागावर त्या मानानें कमी. म्हणून छिद्रें पाडावयाचींच तर उभ्या भागांत पाडावीं. पेटीसारख्या बंद दांड्यांतून बोल्ट घालावयाचा असेल तर आंत पोलादी नळीचा तुकडा बसवावा. नाहींतर बोल्ट आवळतांना दांडाच चेपतो. शक्य तेथें गाडीचींच मूळ छिद्रें वापरावीं, आणि तुळई कायमची सांधण्याऐवजीं बोल्टांनींच बसवावी. शंभरेक मैल गाडी चालल्यावर प्रत्येक बोल्ट पुन्हां तपासावा. नवीन रबर थोडें बसतें आणि आवळलेलें सैल होतें.

बोल्टांचा आग्रह केवळ सोयीसाठीं नाहीं. कापलेली चौकट पुन्हां पहिल्यासारखी होत नाहीं. बोल्ट मात्र काढतां येतात. कॅलिफोर्नियांतील तरुणांस मॉडेल ए ही मोडींतील स्वस्त गाडी होती, तिची चौकट कापतांना त्यांचा हात कचरला नाहीं. हिंदुस्थानांत १९२६ पासून फोर्डची स्वतंत्र कंपनी मुंबईंत होती. त्या काळच्या ज्या थोड्या गाड्या कोणाच्या आजोबांच्या वाड्यांत किंवा संस्थानी तबेल्यांत उरल्या, त्यांचें मोल आज निराळें आहे. भारत सरकारनें २०२१ मध्यें जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे जे नियम केले, त्यांत पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपांत राखलेली गाडीच ‘व्हिंटेज’ मानली आहे. चौकट, सांगाडा किंवा एंजिन यांत मोठा फेरफार झालेली गाडी त्या मानास मुकते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलमही गाडींत मनास येईल तसा बदल करूं देत नाहीं. म्हणून हातांत करवत घेण्यापूर्वीं नोंदणी कचेरींत चौकशी करणें हें या कामाचें पहिलें पाऊल होय. आणि शक्ति वाढविली तर थांबविण्याची सोयही वाढवावी लागते: मॉडेल ए चे ब्रेक सळ्यांनीं ओढले जाणारे होते आणि ते ४० अश्वशक्तीसाठीं होते. फोर्डनें १९३९ मध्यें द्रवदाबाचे ब्रेक आणले, तेव्हां शर्यतींच्या शौकिनांनीं एंजिनामागोमाग तेही आपल्या गाड्यांस बसविले.

चांगली तुळई रंग देऊन जागीं बसली म्हणजे दिसेनाशी होते. गाडी चढण चढते, खड्ड्यांतून आदळते, एकाएकीं थांबते, आणि आंत बसलेल्या माणसांस खालीं कांहीं चाललें आहे याची वार्ताही नसते. तिच्याविषयीं पुन्हां कोणास बोलावें लागूं नये, हीच ती नीट घडल्याची खूण.