खेळ घरात मांडायचा, तर पत्ता हवा

घरच्या संगणकावर माइनक्राफ्टचा सर्व्हर सुरू करायला फारसं काही लागत नाही. खेळ बनवणाऱ्या कंपनीनेच दिलेली सर्व्हरची फाइल उतरवून घ्यायची, ती जावावर चालवायची आणि घरातल्याच दुसऱ्या लॅपटॉपवरून त्या जगात शिरायचं. इथवर सगळं सुरळीत होतं. अडतं ते नाशिकच्या मित्राला आत घ्यायची वेळ येते तेव्हा. मग राउटरशी झटापट सुरू होते. पोर्ट उघडून बघा, फायरवॉल बंद करून बघा, राउटरच बंद करून पुन्हा लावून बघा. व्हिडिओ बघत बघत मुलं हे सगळं तासन् तास करत बसतात, आणि पुष्कळदा सगळं बिनचूक करूनही मित्राच्या पडद्यावर ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ हेच झळकतं. खापर फुटतं ते राउटरवर, नाहीतर स्वतःच्या अज्ञानावर. खरा अडथळा बहुतेक वेळा या दोन्हींच्या पलीकडे असतो. आपल्याकडच्या असंख्य घरांना इंटरनेटवर स्वतःचा असा पत्ताच नसतो, आणि तो नसेल तर राउटरमधली कुठलीही सेटिंग फळाला येत नाही.

ही उणीव इंटरनेटमध्ये जन्मापासून नव्हती. सप्टेंबर १९८१ मध्ये इंटरनेट प्रोटोकॉलची, म्हणजे आयपीची, जी चौथी आवृत्ती (आयपीव्ही ४) कागदावर आली, तिच्यात प्रत्येक यंत्राला ३२ बिटांचा पत्ता दिलेला होता आणि कोणतंही यंत्र कोणत्याही यंत्राला थेट गाठू शकेल असं गृहीत धरलेलं होतं. सर्व्हर ही कुठली वेगळ्या जातीची मशीन नव्हे. जो संगणक एका ठरलेल्या पोर्टवर बाहेरच्या हाकेची वाट बघत थांबतो, तो सर्व्हर. गेमिंगच्या जगाने ही समानता मनापासून वापरली. डिसेंबर १९९३ चा ‘डूम’ एकाच खोलीतल्या, केबलने जोडलेल्या संगणकांवर रंगायचा. जून १९९६ मध्ये आलेला ‘क्वेक’ थेट इंटरनेटवरून खेळता येऊ लागला, आणि त्याच वर्षअखेरीस त्याचे प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी ‘क्वेकवर्ल्ड’ काढून तो मोडेमवाल्यांच्याही आवाक्यात आणला. सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत न थांबता खेळाडूच्या संगणकानेच पुढची हालचाल अंदाजाने दाखवायची, ही त्यातली युक्ती आजही जवळजवळ प्रत्येक वेगवान ऑनलाइन खेळात आहे. तेव्हाचा डायल-अप आजच्या मानाने गोगलगाय होता. तरी जोडणी चालू असेपर्यंत त्या संगणकाला सहसा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळायचा. आज १०० एमबीपीएसचं फायबर घेणाऱ्या घराला तोच अनेकदा मिळत नाही.

३२ बिटांत जेमतेम ४२९ कोटी पत्ते मावतात. ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागलं होतं. मे १९९४ मध्ये नॅट नावाची तोड मांडली गेली, आणि मांडणाऱ्यांनीच तिला तात्पुरता उपाय म्हटलं होतं. तीस वर्षं उलटली तरी तिच्यावरच घराघरांतलं वायफाय चालतं. ती कशी चालते हे नीट पाहिलं की पोर्ट फॉरवर्डिंगचं सगळं गूढ उकलतं. घरातल्या लॅपटॉपला राउटरने १९२.१६८.१.२३ असा पत्ता दिलेला असतो. असे पत्ते लाखो घरांत एकसारखेच असतात आणि घराबाहेर त्यांना काही अर्थ नसतो. लॅपटॉप बाहेरच्या एखाद्या साइटकडे पॅकेट पाठवतो तेव्हा राउटर त्यावरचा हा पत्ता पुसून आपला सार्वजनिक पत्ता आणि एक पोर्ट क्रमांक घालतो, आणि आपल्या तक्त्यात ‘या पोर्टवर येणारं उत्तर १९२.१६८.१.२३ ला द्यायचं’ अशी ओळ लिहून ठेवतो. उत्तर आलं की तक्त्यात बघून ते आत पोचवतो. थोडा वेळ हालचाल झाली नाही की ती ओळ खोडली जाते. म्हणजे तक्त्यातली प्रत्येक नोंद आतून बाहेर जाणाऱ्या पॅकेटमुळे होते. नाशिकच्या मित्राचं पॅकेट मात्र आपण न बोलावता, स्वतःहून येतं. सोसायटीच्या गेटवर पार्सल यावं आणि त्यावर फ्लॅट नंबरच नसावा, तशी त्याची गत होते. राउटर ते टाकून देतो.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे या तक्त्यात आपल्या हाताने लिहिलेली कायमची ओळ. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीसाठी २५५६५ हे टीसीपी पोर्ट, बेडरॉक आवृत्तीसाठी १९१३२ हे यूडीपी पोर्ट. इथे टीसीपीच्या जागी यूडीपी निवडलं गेलं तर नंबर बरोबर असूनही काही होत नाही. ही ओळ ज्या लॅपटॉपकडे बोट दाखवते त्याचा घरातला पत्ता बदलता कामा नये, म्हणून राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर तो त्या लॅपटॉपसाठी राखून ठेवायचा. विंडोजच्या फायरवॉलमध्ये सर्व्हरच्या प्रोग्रामला परवानगी द्यायची. आख्खी फायरवॉल बंद करायची गरज नसते. चाचणी घरच्या वायफायवरून न करता मोबाइल डेटावरून करायची, कारण स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावर आतून येणारी पॅकेटं परत आत वळवणं बऱ्याच राउटरांना जमत नाही आणि चालू असलेला सर्व्हरही बंद वाटतो. आपल्याकडे आणखी एक घोळ वारंवार होतो. कंपनीने बसवलेला फायबरचा मोडेम स्वतःच राउटरचं काम करत असतो आणि त्याला आपण विकत आणलेला वायफाय राउटर जोडतो. मग तक्ते दोन होतात आणि ओळ एकातच लिहिली जाते. त्यावर उपाय म्हणजे मोडेमला ब्रिज मोडवर टाकून तक्ता एकच ठेवणं.

हे सगळं करण्याआधी मात्र एक गोष्ट तपासायला हवी, आणि तीच बहुतेक जण तपासत नाहीत. राउटरच्या स्टेटसच्या पानावर वॅन आयपी म्हणून एक पत्ता दिसतो. ‘माझा आयपी काय’ असं सांगणाऱ्या कुठल्याही साइटवर दिसणारा पत्ता त्याच्याशी जुळवून पाहायचा. दोन्ही एकच असतील तर वरची मेहनत सत्कारणी लागेल. वॅन आयपी १० ने सुरू होत असेल, किंवा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर घराच्या नॅटपुढे कंपनीचं आणखी एक मोठं नॅट उभं आहे. ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयपीव्ही ४ च्या जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे वाटले गेले, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागाची मुक्त वाटणीही आटोपली. भारतात घरोघरी ब्रॉडबँड आणि हातोहाती फोरजी पोचलं ते प्रामुख्याने त्यानंतर, म्हणजे भांडार रिकामं झाल्यावर. म्हणून कंपन्यांनी शेकडो ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवलं. यालाच सीजीनॅट म्हणतात, आणि १००.६४ पासूनचा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास त्यासाठीच राखला गेला. हा तक्ता कंपनीच्या यंत्रात असतो, त्यात आपल्याला ओळ लिहिता येत नाही. ग्राहकाच्या राउटरला कंपनीच्या नॅटकडे पोर्ट मागता यावं असा प्रोटोकॉल २०१३ मध्ये प्रमाणित झालेला आहे, पण ग्राहकाच्या हाती ती सोय क्वचितच आली. तेव्हा वॅन आयपी असा निघाला तर राउटरशी झगडणं तिथेच थांबवावं.

यावर पहिला आक्षेप असा, की पत्ता नसताना इतके ऑनलाइन खेळ चालतातच की. चालतात, पण मध्यस्थाच्या जिवावर. दोन्ही खेळाडू आधी एका सार्वजनिक सर्व्हरशी बोलतात, तो दोघांना एकमेकांचा बाहेरून दिसणारा पत्ता आणि पोर्ट सांगतो, आणि दोघंही एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेटं सोडतात. दोन्हीकडच्या तक्त्यांत नोंद झालेली असल्याने वाट मोकळी होते. प्रत्येक नव्या ठिकाणासाठी पोर्ट बदलणाऱ्या नॅटपुढे मात्र ही युक्ती हरते. एक्सबॉक्सवर दिसणारा ‘स्ट्रिक्ट नॅट’ हा शेरा याच जातीच्या अडचणीचा. मग सगळी वाहतूक मधल्या सर्व्हरमार्फत न्यावी लागते, म्हणजे हेलपाटा आणि उशीर. टेलस्केल किंवा झिरोटिअरसारखी साधनं हेच काम सफाईने करतात, आणि चार मित्रांना आज रात्री खेळायचं असेल तर तीच वापरावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. पण दोन घरं एकमेकांशी बोलायला तिसऱ्याच्या सेवेवर कायम अवलंबून राहतात, हे वास्तव त्याने बदलत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सर्व्हर भाड्याने मिळतात, मोठ्या खेळांचे सर्व्हर कंपन्या स्वतःच चालवतात, मग घरात हा उपद्व्याप कशाला? अंतराचा हिशेब याला अर्धंच उत्तर देतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद कुठल्याही यंत्राला टाळता येत नाहीत. पुणे-नागपूर हीच फेरी सहा-सात मिलिसेकंदांची. प्रत्यक्ष केबलची वाट वळणाची असल्याने दोन्ही आकडे वाढतात, आणि मुंबईतही आता मोठी डेटा सेंटर आहेत, हे मान्यच करायला हवं. खरं उत्तर आयुष्याचं आहे. २०१४ साली आलेला युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद होताच खेळता येईनासा झाला. एकट्याने खेळायचा भागही त्यात गेला. लोकांनी पैसे मोजून घेतलेली वस्तू अशी नाहीशी झाली, आणि त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. याउलट ‘क्वेक’चा सर्व्हर खेळाडूंच्या हाती होता, डिसेंबर १९९९ मध्ये त्याचा सोर्स कोडही खुला झाला, आणि तो खेळ आजही खेळला जातो. सर्व्हर चालवण्याची क्षमता घरात असणं ही खेळ टिकण्याची हमी आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला पोर्ट, प्रोटोकॉल आणि लॉग समजून घ्यायला याहून चांगली प्रयोगशाळाही सापडणार नाही.

सुरक्षेचा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पोर्ट आपोआप उघडून देणारी यूपीएनपी ही सोय राउटरमध्ये असते. जानेवारी २०१३ मध्ये रॅपिड७ या कंपनीने केलेल्या पाहणीत आठ कोटींहून अधिक पत्त्यांवरची उपकरणं या सोयीच्या हाकेला थेट इंटरनेटवरून उत्तर देताना आढळली; घरापुरती असलेली गोष्ट चव्हाट्यावर उघडी होती. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि राउटर फितवून त्यांची फौज उभी केली. तिच्या कर्त्यांनी पुढच्या वर्षी अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला, आणि या टोळीची मुळं माइनक्राफ्ट सर्व्हर पाडण्याच्या धंद्यात होती. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या घटकातली त्रुटी उघड झाली तेव्हा माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये टाकलेली एक ओळ सर्व्हरचा ताबा मिळवायला पुरेशी होती. म्हणजे धोका खरा आहे. पण तो नॅटच्या अभावाचा नव्हे. सुरक्षा देते ती फायरवॉल, आणि ती नॅटशिवायही तेवढीच चोख असते. लॉगफोरजेच्या वेळी नियमाप्रमाणे उघडलेल्या पोर्टमधूनच हल्ला आत येत होता. वाचले ते ज्यांनी प्रोग्राम ताबडतोब अद्ययावत केला ते. म्हणून यूपीएनपी बंद ठेवून एकच पोर्ट हाताने उघडावं. राउटरचा पासवर्ड बदलावा. सर्व्हर वडिलांच्या बँकेच्या कामाच्या लॅपटॉपवर न चालवता वेगळ्या जुन्या संगणकावर चालवावा, खेळाडूंची यादी व्हाइटलिस्टने बांधून टाकावी आणि खेळ संपला की पोर्ट मिटवावं.

अपलोडचा प्रश्न यापुढे किरकोळ आहे. ‘क्वेकवर्ल्ड’ २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर खेळलं जायचं. चार-सहा मित्रांच्या खेळाला आजच्या फायबरचा कोपराही पुरतो. खेळ अडखळतो तो बहुधा घरात दुसरं कुणी फोटोंचा मोठा बॅकअप चढवत असताना, कारण राउटर पॅकेटांची लांबच लांब रांग साठवत बसतो आणि खेळाचं पॅकेट तिच्यात अडकतं. राउटरमध्ये एसक्यूएम किंवा एफक्यू-कोडेल अशी निवड असेल तर ती चालू करावी. सर्व्हर वायफायवर न ठेवता केबलने जोडावा.

पत्त्याच्या दुष्काळावरचा मूळ उपाय मात्र १९९८ पासून कागदावर तयार आहे, आणि आनंदाची गोष्ट अशी की तो वापरण्यात भारत जगातल्या अग्रेसर देशांत आहे. आयपीव्ही ६ चा पत्ता १२८ बिटांचा असतो आणि घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देऊनही तो संपत नाही. २०१६ मध्ये आलेल्या जिओने आपलं जाळं सुरुवातीपासून त्यावर उभारलं, आणि आज देशातले निम्म्याहून बरेच जास्त वापरकर्ते नकळत आयपीव्ही ६ वर आहेत. म्हणजे ज्या घराला आयपीव्ही ४ चा पत्ता नाही, त्याच घरातल्या लॅपटॉपला जगभरातून गाठता येईल असा दुसरा पत्ता कदाचित आजच मिळालेला आहे. संगणकाच्या नेटवर्कच्या माहितीत २ या आकड्याने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला तर तोच तो. त्यात ‘टेम्पररी’ असं लिहिलेला पत्ता काही काळाने बदलतो, तो मित्राला देऊ नये. इथे नॅटचा तक्ता नाही, त्यामुळे फॉरवर्डिंगही नाही. राउटरच्या आयपीव्ही ६ फायरवॉलमध्ये त्या एका पत्त्यासाठी एका पोर्टची वाट उघडायची. बेडरॉक सर्व्हर तर आयपीव्ही ६ साठी १९१३३ हे वेगळं पोर्ट मुळातच राखून येतो. अडचणी उरतात त्या तीन. काही जुने खेळ आयपीव्ही ६ ओळखत नाहीत, मित्राच्या बाजूलाही आयपीव्ही ६ लागतं, आणि कंपन्यांनी बसवलेल्या अनेक मोडेममध्ये ही वाट उघडायची सोय लपवलेली असते किंवा नसतेच. पहिल्या दोन काळाबरोबर विरत चालल्या आहेत. तिसरी कंपन्यांनी ठरवलं तर एका सॉफ्टवेअर अपडेटने सुटेल, आणि नवी जोडणी घेताना वेगाच्या बरोबरीने ग्राहकाने हेच विचारायला हवं: आयपीव्ही ६ मिळतं का, घराला दिलेला पत्त्यांचा गट स्थिर राहतो का, आणि मोडेमच्या फायरवॉलची किल्ली माझ्याकडे असेल का.