सव्वा कोटींचा प्रश्न

लोकसभेचें कामकाज म्हटलें कीं हल्लीं बहुतेक घरांत कपाळाला आंठ्या पडतात. पडद्यावर गलका दिसतो, अध्यक्षांच्या आसनाकडे धांव घेणारे सभासद दिसतात, आणि शेवटीं तहकुबी. मग घरांतील वडील मंडळी कळ दाबून तें चित्र बंद करतात व पानावर जाऊन बसतात. आमच्या नैयायिकांनीं चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठीं चालतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचा मोडण्याचाच उद्योग करते ती वितंडा. पैकीं पहिल्याचा दुष्काळ पडला आहे, हें मलाहि कबूल आहे. परंतु तेवढ्यावरून लोकसभेचा दिवस म्हणजे फुकट गेलेला दिवस असा जे सिद्धांत काढतात, त्यांच्यापुढें एका दिवसाची हकीकत ठेवावी असें मनांत आलें. तो दिवस सोमवार, ता. १६ डिसेंबर १९५७ चा. विषय होता विम्याचा.

विमा आपल्या घरांस परका नाहीं. पगारदार कुटुंबांत मुलीचें लग्न, मुलाचें शिक्षण आणि कर्त्या माणसाच्या माघारीं घरच्यांची भाकरी, या साऱ्या गोष्टी एका पॉलिसीच्या कागदावर उभ्या असत. माझ्या वडिलांनीं तो कागद मुलांच्या पत्रिकांबरोबर पत्र्याच्या पेटींत ठेवलेला होता. हप्त्याची तारीख जवळ आली कीं आई दुधाचा रतीब कमी करी. जुन्या काळीं विमा कंपनीवर विश्वास बसे तो तिच्या नांवावर. १९१३ सालीं निघालेली साताऱ्याची ‘वेस्टर्न इंडिया’ आपल्याकडील कित्येक कुटुंबांस एखाद्या नातलगासारखी परिचित होती. सगळ्याच कंपन्या कांहीं तशा नव्हत्या. डिसेंबर १९५५ मध्यें फिरोज गांधी या सभासदानें ‘भारत इन्शुअरन्स’ कंपनीच्या पैशाचें काय होत आहे याचा पाढा लोकसभेंत वाचला, आणि दालमियांसारख्या बड्या धनिकाचे व्यवहार उघड्यावर आणले. पुढें दीड महिन्याच्या आंतच, १९ जानेवारी १९५६ रोजीं, सरकारनें वटहुकूम काढून आयुर्विम्याचा धंदा हातीं घेतला. ही वार्ता आकाशवाणीवरून देशाला सांगितली ती अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं. मेघदूत मराठींत आणणारा हा संस्कृतज्ञ अर्थमंत्री त्याच वर्षीं मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडला. त्यामुळें स्वतः लावलेल्या रोपाला कीड लागल्यावर तिचा जबाब देण्याची पाळी त्यांच्यावर आली नाहीं. लहानमोठ्या २४५ विमासंस्था एकत्र होऊन १ सप्टेंबर १९५६ रोजीं आयुर्विमा महामंडळ सुरू झालें.

आणि वर्ष पुरें होण्यापूर्वींच कीड लागली. जून १९५७ मध्यें या महामंडळानें कलकत्त्याचे व्यापारी हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे शेअर विकत घेतले. रक्कम सव्वा कोटी रुपयांच्या आसपास. मुंदडा त्या वेळीं कर्जांत बुडालेले होते. पैसे कोठें गुंतवावे याचा सल्ला देण्यासाठीं महामंडळाची एक खास समिति होती. तिला आधीं विचारलेंच नाहीं. कांहीं शेअर तर बाजारांतील भावाहून चढ्या दरानें घेतले गेले. बाजारांत भाजी घेणारी आपली गृहिणीहि असा सौदा करीत नाहीं!

सप्टेंबर महिन्यांत एका सभासदानें यासंबंधीं प्रश्न विचारला. येथें प्रश्नांची रीत थोडी सांगितली पाहिजे. लोकसभेचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. ज्या प्रश्नावर तारका असते त्याचें उत्तर मंत्र्यांनीं उभें राहून तोंडी द्यावयाचें, आणि त्या उत्तराला धरून सभासदांस उपप्रश्न विचारतां येतात. तारका नसलेल्या प्रश्नाला लेखी उत्तर मिळतें व तेथेंच विषय संपतो. सारी खुबी या उपप्रश्नांत आहे. पहिलें उत्तर सचिवालयांत शांतपणें घोटून तयार केलेलें असतें. दुसरें मंत्र्यांना जागच्या जागीं द्यावें लागतें. शाळेंत पाठ केलेलें उत्तर घडाघडा म्हणणारा मुलगा ‘तें कां?’ एवढें विचारतांच गडबडतो, तोच हा प्रकार. सप्टेंबरांतील उत्तर गुळगुळीत होतें. नोव्हेंबरच्या अखेरीस प्रश्न पुन्हां आला, त्याहि वेळीं समाधान झालें नाहीं. तेव्हां चर्चेसाठीं १६ डिसेंबरचा दिवस मुक्रर झाला.

त्या लोकसभेंत काँग्रेसचे ४९४ पैकीं ३७१ सभासद होते. मतें मोजावयाचीं झालीं असतीं तर निकाल आदल्या दिवशींच सांगतां आला असता. पण त्या दिवशीं आरोप करावयास उभा राहिला तोच मुळीं काँग्रेसच्या बांकावरून. फिरोज गांधी हे रायबरेलीचे सभासद, आणि पंतप्रधान नेहरूंचे जांवई. जांवयाला दहावा ग्रह म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे; सासऱ्याच्या मंत्रिमंडळाला हा ग्रह भलताच वक्री गेला. आरंभींच त्यांनीं बजावलें कीं, आज येथें जोराचे तडाखे बसणार आहेत. मी जोरानें मारतों तसे उलट तडाखे खाण्याचीहि माझी तयारी आहे. मनांतील बंडानें आपणांस हा विषय काढावयास भाग पाडलें, असेंहि ते म्हणाले. लोकसभेनेंच निर्माण केलेल्या या बलाढ्य धनसंस्थेवर लोकसभेनेंच पहारा ठेवला पाहिजे, हें त्यांच्या भाषणाचें सूत्र होतें.

मला त्या भाषणांत त्वेषापेक्षां तयारी अधिक मोलाची वाटते. तारखा, भाव, शेअरांचे आंकडे, कोणी कोणाला काय लिहिलें, याची एकेक कडी त्यांनीं जुळवून आणली होती. अर्थमंत्री व त्यांचे प्रधान सचिव यांच्यामधील गुप्त पत्रव्यवहारहि त्यांच्या हातीं लागलेला होता. पूर्वपक्ष असा बिनतोड मांडल्यावर उत्तरपक्षाची तारांबळ होणारच. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी हे बुद्धीनें तल्लख व जिभेनें तिखट. तरी त्यांना हा वार परतवितां आला नाहीं. कलकत्त्याच्या शेअरबाजाराला आधार देण्यासाठीं ही खरेदी झाली, असें सरकारच्या बाजूनें सांगण्यांत येई. बाजाराला आधार द्यावयाचा, तर सगळा टेकू एकाच माणसाच्या घराला कां? या साध्या शंकेचें निरसन त्या समर्थनांत नव्हतें.

त्या दिवशीं सरकार पडलें नाहीं. पण जानेवारी १९५८ मध्यें मुंबईच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छगला यांची चौकशीसाठीं नेमणूक झाली. छगलांनीं चौकशी उघड दारानें चालविली. आंत जागा न मिळालेल्या लोकांस ऐकतां यावें म्हणून बाहेर ध्वनिक्षेपक लावले. महिनाभरांत निकाल हातीं आला. बाजाराला आधार दिल्याची सबब त्यांनीं अमान्य केली, आणि सचिवांनीं केलेल्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यांना टाळतां येत नाहीं, असें स्पष्ट लिहिलें. फेब्रुवारींतच कृष्णम्माचारी पायउतार झाले, आणि त्या वर्षाचें अंदाजपत्रक खुद्द पंतप्रधानांना मांडावें लागलें. (पुढें १९६३ सालीं कृष्णम्माचारी पुन्हां अर्थमंत्री झाले, आणि ते प्रधान सचिव, एच. एम. पटेल, १९७७ सालीं स्वतःच त्या खुर्चीवर बसले. राजकारणांतील पुनर्जन्माला चौऱ्यायशीं लक्ष योनींचा फेरा लागत नाहीं!)

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. सभागृहांत सभासदाला बोलण्याचें संरक्षण असतें. पण तेंच भाषण छापणाऱ्या वर्तमानपत्राला अब्रूनुकसानीच्या फिर्यादीची धास्ती असे. मंत्री नसलेल्या एका सभासदानें विधेयक आणून ही धास्ती १९५६ च्या कायद्यानें दूर केली: संसदेच्या कामकाजाचें खरेंखुरें वृत्त निर्मत्सरपणें छापणाऱ्यावर खटला चालणार नाहीं. तो सभासद म्हणजे हेच फिरोज गांधी. पुढच्याच वर्षीं मुंदडा प्रकरण पेटलें, तेव्हां संपादकांना या कायद्याची ढाल हाताशीं होती.

८ सप्टेंबर १९६० रोजीं, वयाला अठ्ठेचाळीस वर्षें पुरीं होण्याच्या आंतच, ते वारले. आणीबाणींत त्यांच्या पत्नीच्याच सरकारनें तो कायदा रद्द केला. १९७७ सालीं नव्या लोकसभेनें तो पुन्हां जशाचा तसा केला, आणि त्याच निवडणुकींत इंदिराबाईंचा पराभव झाला होता तो रायबरेलींत.