‘आयसो’ म्हणजे सम. पण काय सम?

विद्यार्थी मित्रांनो, आयसोटोप, आयसोबार आणि आयसोटोन हे तीन शब्द परीक्षेत हमखास चकवतात. व्याख्या पाठ असतात. पण लिहिताना एकीचे शेपूट दुसरीला जोडले जाते. असे होते, कारण आपण व्याख्या पाठ करतो आणि शब्द मात्र उलगडून पाहत नाही. तो आज उलगडून पाहू या.

ग्रीक भाषेत ‘इसोस’ म्हणजे समान. त्यापासून इंग्रजीत ‘आयसो’ हा उपसर्ग आला. मराठी परिभाषेत हेच काम ‘सम’ करतो. मात्र उपसर्ग एवढेच सांगतो, की काहीतरी सारखे आहे. काय सारखे, ते शब्दाचा उरलेला भाग सांगतो. म्हणून असा शब्द भेटला, की त्याला दोन प्रश्न विचारावेत : समान काय? आणि वेगळे काय?

सुरुवात ओळखीच्या शब्दाने करू. भूमितीतील आयसोसेलीस त्रिकोण तुम्हांला ठाऊक आहे. ‘स्केलोस’ म्हणजे पाय. ग्रीकांनी त्रिकोणाला दोन सारखे पाय दिले. आपण त्याला भुज, म्हणजे हात दिले आणि समद्विभुज म्हटले!

आता आयसोटोप. ‘टोपोस’ म्हणजे जागा. ही जागा कोणती? १९१३ च्या सुमारास युरेनियमपासून शिशापर्यंत चाळीसच्या आसपास किरणोत्सर्गी पदार्थ सापडले होते. पण आवर्त सारणीत त्यांच्यासाठी डझनभरच घरे होती. त्यांतील काही पदार्थ रासायनिक रीतीने एकमेकांपासून वेगळेच करता येत नव्हते. ग्लासगो येथील शास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉडी यांनी सांगितले, की असे पदार्थ एकाच घरात राहतात. त्यांना ‘आयसोटोप’ हे नाव सुचवले मार्गारेट टॉड या डॉक्टर व लेखिकेने. आपला ‘समस्थानिक’ हा शब्द अगदी तसाच आहे. समान काय? आवर्त सारणीतील स्थान, म्हणजेच प्रोटॉनांची संख्या. वेगळे काय? न्यूट्रॉनांची संख्या. कार्बन-१२ आणि कार्बन-१४ या दोघांत प्रोटॉन ६ च. पण न्यूट्रॉन पहिल्यात ६, तर दुसऱ्यात ८. या दोन जादा न्यूट्रॉनांमुळे कार्बन-१४ किरणोत्सर्गी ठरतो आणि उत्खननात सापडलेल्या लाकडाचे वय सांगतो.

आयसोबारमधील ‘बारोस’ म्हणजे वजन, भार. हा शब्द दोन शास्त्रांत वापरतात. अणूंच्या बाबतीत प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची बेरीज समान असते. आरगॉन, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांच्या काही अणूंत ही बेरीज ४० च असते. पण प्रोटॉन अनुक्रमे १८, १९ आणि २०. म्हणून गुणधर्म किती निराळे पाहा! आरगॉन हा सहसा कशाशीही संयोग न पावणारा वायू, तर पोटॅशियम पाण्यात टाकताच पेट घेणारा धातू. ही झाली समभारिके. हवामानाच्या नकाशावरील समभार रेषा मात्र सारखा वायुभार असलेली ठिकाणे जोडतात. या रेषा जेथे दाटीने येतात, तेथे वारा जोराचा असतो.

आयसोटोनची गंमत निराळी आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुगेनहाइमर यांनी ‘आयसोटोप’मधला ‘प’ काढून तेथे ‘न’ बसवला. ‘प’ प्रोटॉनचा, ‘न’ न्यूट्रॉनचा! कार्बन-१४, नायट्रोजन-१५ आणि ऑक्सिजन-१६ या तिघांतही न्यूट्रॉन ८ च आहेत. एवढे लक्षात ठेवले, तर या शब्दाचा घोटाळा पुन्हा होणार नाही.

रसायनशास्त्रात आयसोमर भेटतो. ‘मेरोस’ म्हणजे भाग, घटक. म्हणून मराठीत समघटक. इथिल अल्कोहोल आणि डायमिथिल ईथर या दोहोंच्या रेणूंत २ कार्बन, ६ हायड्रोजन व १ ऑक्सिजन. घटक तेच, मांडणी वेगळी. परिणाम? पहिले द्रव सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते, तर दुसरे उणे २४ अंशांनाच! म्हणजे आपल्या घरातील तापमानाला ते वायुरूपच असते.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘आयसोलेट’ म्हणजे वेगळे ठेवणे, या शब्दातही ‘आयसो’ दिसतो. पण त्याचे घराणे वेगळे. तो लॅटिन ‘इन्सुला’ म्हणजे बेट या शब्दावरून आला आहे. तेव्हा संशय आला, की शब्दकोश उघडावा.

शिक्षकांना एक सूचना. फळ्यावर नुसती शेपटे लिहावीत आणि पूर्ण शब्दांचे अर्थ मुलांकडून काढून घ्यावेत. मित्रांनो, तीन येथेच देतो. ‘थर्मे’ म्हणजे उष्णता, ‘क्रोनोस’ म्हणजे काळ, ‘ह्येतोस’ म्हणजे पाऊस. मग आयसोथर्म, आयसोक्रोनस आणि आयसोहाइट म्हणजे काय? व्याख्या न बघता आधी वहीत लिहा. एक मदत करतो : पहिला आणि तिसरा शब्द तुमच्या भूगोलाच्या नकाशात सापडेल आणि दुसरा लंबकाच्या आंदोलनांत.